सिलीगुडीहून चार सीमा

शनिवार : सिलीगुडी

भारताच्या नकाशात उत्तर बंगाल एका ठिकाणी इतका अरुंद होतो की नेपाळ आणि बांगलादेश यांच्यामध्ये जेमतेम वीस-बावीस किलोमीटर भारत उरतो. ईशान्येकडे जाणारी रेल्वे, महामार्ग, तेलाच्या नळ्या, सगळं याच पट्टीतून जातं. वर्तमानपत्रं तिला ‘चिकन नेक’ म्हणतात. शाळेत भूगोल शिकवताना ही पट्टी मी फळ्यावर अनेकदा काढली आहे, आणि दर वेळी वाटायचं की एकाच गावी मुक्काम ठोकून चार देशांच्या सीमा पाहता येतील अशी जागा आपल्याकडे दुसरी नाही. नेपाळची सीमा १,७५१ किलोमीटर, भूतानची ६९९, बांगलादेशची ४,०९६.७ आणि चीनची ३,४८८. हे आकडे मुलं पाठ करतात. पण त्या चार रेघांवर माणसांची ये-जा कशी चालते, हे पुस्तकात कुठेच नाही. तेच पाहायचं ठरवून दिवाळीची सुट्टी त्यासाठी राखून ठेवली.

सोबत मावसबहीण, बेबीताई. बागडोगऱ्याला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. उत्तरेला हवा स्वच्छ होती आणि कांचनजंगा डोंगरांच्या मागे गुलाबी दिसत होती. सिलीगुडीत पाहण्यासारखं फार नाही: हिलकार्ट रोडची गर्दी, टोटोंचा, म्हणजे ई-रिक्षांचा सुळसुळाट, भुतानी परवान्यांच्या पाट्या, काठमांडूच्या बसची तिकिटं विकणारे एजंट. गावाचा धंदाच सीमांचा आहे. हॉटेलवाल्याला आमचा बेत सांगितला, तर तो म्हणाला, नाथू ला सोमवार-मंगळवार बंद असतं, ते शेवटी ठेवा. त्याप्रमाणेच वार लावले.

रविवार : पानीटंकी आणि काकडभिट्टा (नेपाळ)

नक्षलबारीवरून पानीटंकीला तासाभरात पोचतो. १९६७ साली ज्या गावावरून एका चळवळीला नाव पडलं ते हेच नक्षलबारी. आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चहाचे मळे आणि मध्ये गजबजलेला बाजार.

पानीटंकीला टोटो सोडला की समोर मेची नदीवरचा लांबलचक पूल. १८१५ च्या डिसेंबरात सही झालेल्या आणि १८१६ च्या मार्चमध्ये मंजूर झालेल्या सुगौलीच्या तहाने पूर्वेला मेची आणि पश्चिमेला महाकाली ही नेपाळची हद्द ठरली. कंपनी सरकारने युद्ध जिंकून कापून घेतलेली ही सीमा. पण तिच्यावरची आजची मोकळीक १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारातून आली आहे. त्याच्या सातव्या कलमाने एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार करण्याची आणि फिरण्याची मुभा परस्परांना दिली.

ती मुभा पुलावर चालताना दिसते. पुलाच्या तोंडाशी सशस्त्र सीमा बलाचे जवान उभे. त्यांनी आमच्या पिशव्यांवर नजर टाकली, कुठून आलात विचारलं, मतदार ओळखपत्र पाहिलं, जा म्हणाले. व्हिसा नाही, शिक्का नाही. आमच्या पुढे एक बाई डोक्यावर पीठाचं पोतं घेऊन चालली होती. शाळेचा गणवेश घातलेली दोन मुलं सायकलवर समोरून येत होती. खाली मेचीचं पात्र पांढऱ्या गोट्यांचं, पाणी घोट्यापर्यंत, आणि त्यातून काही माणसं पुलाच्या फंदात न पडता सरळ चालत पलीकडे निघाली होती.

बेबीताई पुलाच्या मध्यावर थांबली आणि म्हणाली, “ह्यो काय गो परदेस? माका तर बांद्याचो बाजार दिसता.”

तिचं बोलणं माझ्या मनाला लागलं, कारण परदेशी सीमेच्या गोष्टी ऐकतच आम्ही दोघी मोठ्या झालो. आमच्या आजीचं सासर बांद्याचं, माहेर पेडण्याचं. मध्ये चार-दोन तासांची पायवाट. पण १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पेडणे पोर्तुगालच्या राज्यात होतं. जकातीचे नाके होते, पाखले, म्हणजे पोर्तुगीज शिपाई होते, आणि तरी लग्नं, जत्रा, देवकार्यं चालूच होती. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्यानंतर सीमा बंद झाली आणि आजीचं माहेर तुटलं. तिच्या वडिलांच्या तेराव्यालाही तिला जाता आलं नाही. आमच्या घरात हे दुःख कुणी मोठ्याने बोलत नसे, पण मुक्तीच्या दिवशी आजी देवापुढे जास्तीची वात लावत असे. तेव्हापासून कुठलीही सीमा पाहिली की मी पहिल्यांदा हेच बघते, इथून कुणाला माहेरी जाता येतं का.

काकडभिट्ट्यात पाऊल टाकलं की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारची, त्यामुळे रविवारी बाजार आणि कचेऱ्या दोन्ही जोरात. दुकानदार दर सांगताना विचारतो, “आयसी की एनसी?” म्हणजे इंडियन की नेपाळी चलन. शंभर आयसीला एकशे साठ एनसी, हा दर वर्षानुवर्षं बांधलेला, म्हणून हिशेबाला कुणी अडत नाही. वेलदोडा, आलं आणि केरसुणीचं अमलिसो गवत इलामच्या डोंगरांतून इथे उतरतं. आम्ही एका टपरीवर इलामचा चहा घेतला. मालकीण झापाची, सासर नक्षलबारीकडचं. नवरा सिलीगुडीला गॅरेजमध्ये कामाला, रोज जाऊन येऊन. तिने हे इतक्या सहज सांगितलं की त्यात काही विशेष आहे असं तिला वाटलंच नसावं. मला मात्र आजी आठवली.

गाडी घेऊन आलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना भन्सारच्या, म्हणजे जकातीच्या रांगेत उभं राहून दिवसांचे पैसे भरावे लागतात. आणि भारत-नेपाळ सोडून तिसऱ्या देशाचा नागरिक असेल तर त्याला दोन्हीकडच्या इमिग्रेशन कचेऱ्या शोधून शिक्के घ्यावे लागतात. आमच्यासमोर पाठीवर बोजे घेतलेली एक गोरी जोडी नेमकी ती खिडकी शोधत होती. एकच पूल, पण आमच्यासाठी रस्ता आणि त्यांच्यासाठी सरहद्द.

याहून कडू गोष्ट या पुलावर घडून गेली आहे. १९९० च्या सुमारास भूतानने आपल्या दक्षिण भागातल्या नेपाळी भाषिक लोकांना, ल्होत्शाम्पांना, मोठ्या संख्येने देशाबाहेर काढलं. लाखाच्या घरातली ही माणसं भारताची हीच अरुंद पट्टी ओलांडून मेचीपलीकडे झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत पोचली. भूतान आणि नेपाळ यांची सीमा कुठेच भिडत नाही. मध्ये आपण आहोत. आपण त्यांना पुढे जाऊ दिलं, ठेवून घेतलं नाही. २००७ साली त्यांतल्या काहींनी याच पुलावरून मायदेशी परत निघण्याचा प्रयत्न केला, तेव्हा भारतीय सुरक्षा दलांनी त्यांना इथे अडवलं. त्यानंतर बहुतेकांना अमेरिका आणि इतर देशांनी वसवून घेतलं. २०२५ मध्ये अमेरिकेने काहींना भूतानला परत धाडलं, भूतानने त्यांना टिकू दिलं नाही, आणि ते फिरून भारतातून नेपाळात आले. ज्या पुलावरून पीठाचं पोतं कुणी न विचारता जातं, त्याच पुलावर ही माणसं अडतात. खुली सीमा म्हणतो ती हातात कागद असणाऱ्यांसाठीच खुली असते, हे मला टपरीवरच्या त्या चहानंतर पुन्हा पूल ओलांडताना फार जाणवलं.

सोमवार : फुलबारी, चांगराबांधा, तीन बिघा (बांगलादेश)

सकाळी सिलीगुडीला लागूनच असलेल्या फुलबारीला गेलो. पलीकडे पंचगड जिल्ह्यातलं बांगलाबांधा. २०१६ पासून इथून प्रवाशांनाही जाता येतं, पण या जागेचा खरा मालक ट्रक आहे. रस्त्याच्या कडेने मैलभर ट्रक उभे, बहुतेकांत नुसते दगड. बांगलादेश म्हणजे गाळाचा देश. रस्ते-पूल बांधायला खडी हवी आणि जमिनीत दगडच नाही. म्हणून भूतानच्या नद्यांतले धोंडे भारत ओलांडून इथे येतात. दोन तास थांबून निघालो.

जलपाईगुडी, मयनागुडी करत चांगराबांध्याला आलो तेव्हा कुंपण दिसायला लागलं. नेपाळच्या बाजूला हद्द ओळखायला जंगे पिलर, म्हणजे हद्दीचे खांब शोधावे लागतात. इथे मात्र तारेचं दुहेरी कुंपण शेतांतून सरळ धावतं, वर दिव्यांचे खांब. गंमत म्हणजे हे कुंपण सीमेवर नाही. दोन्ही देशांनी ठरवलेल्या १९७५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शून्य रेषेपासून दीडशे यार्डांच्या आत संरक्षणासाठी काही बांधता येत नाही, म्हणून कुंपण भारताच्या जमिनीत तेवढं मागे घेतलेलं आहे. पुढची पट्टी भारताचीच, शेतकरी भारताचा, पण शेत कुंपणाच्या पलीकडे. मेखलीगंजच्या वाटेवर एक फाटक पाहिलं. शेतकरी ओळखपत्र जवानाकडे जमा करतो, वहीत नाव लिहिलं जातं, नांगर आणि बैल पलीकडे जातात, आणि ठरल्या वेळेआत सगळ्यांना परत यावं लागतं. भाताची कापणी चालू होती. एक म्हातारा भारा खाली ठेवून फाटक उघडायची वाट बघत बसला होता. पीक त्याचं, वेळ मात्र दुसऱ्याच्या हातातली.

तीन बिघा मेखलीगंजपासून जवळ आहे. नाव ऐकून मोठं काही डोळ्यांसमोर येतं, प्रत्यक्षात एक चौक आहे. सुमारे १७८ मीटर लांब, ८५ मीटर रुंद तुकडा. त्यातून पूर्व-पश्चिम जाणारा रस्ता बांगलादेशी लोकांचा, उत्तर-दक्षिण जाणारा आपला. पश्चिमेला दहग्राम-आंगरपोता हा बांगलादेशचा भाग आहे, चारी बाजूंनी भारताने वेढलेला. त्याला मुख्य देशाशी जोडणारी एवढीच वाट. दक्षिणेला आपलं कुचलीबारी, तिथल्या लोकांना मेखलीगंजला यायचं तर हाच चौक.

आम्ही पाऊण तास तिथे उभ्या राहिलो. बांधून ठेवलेली फुलझाडं, रंगवलेले कठडे, मध्ये सीमा सुरक्षा दलाचा जवान हात वर करून. पूर्वेकडून एक व्हॅन-रिक्षा आली: फळकुटावर तीन बायका, मांडीवर कोंबड्यांची टोपली. जवानाने आपल्या बाजूच्या मोटरसायकली थांबवल्या. व्हॅन-रिक्षा भारताच्या जमिनीवरून पाच-सहा पायडल मारून पुन्हा बांगलादेशात गेली. बायकांनी मान वर करून पाहिलंही नाही. मग जवानाने हात फिरवला आणि आपल्या मोटरसायकली सुटल्या. एकही पासपोर्ट न उघडता दोन देश एकमेकांना छेदून गेले.

हे आज इतकं सोपं दिसतं, पण इथवर यायला पिढ्या गेल्या. १९७४ च्या इंदिरा गांधी–मुजीबुर रहमान करारात हा तुकडा बांगलादेशला कायम भाडेपट्ट्याने द्यायचं ठरलं. कुचलीबारीच्या लोकांना आपण देशापासून तुटू अशी भीती होती. आंदोलनं झाली, त्यांत माणसं गेली. अखेर २६ जून १९९२ ला वाट उघडली, तीही सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, एक तास उघडी आणि एक तास बंद. रात्री दहग्रामात कुणी आजारी पडलं तर उजाडेपर्यंत वाट पाहायची. चोवीस तासांची मोकळीक २०११ साली मिळाली.

चौकातला एक जवान आमचं बोलणं ऐकून जवळ आला. “ताई, मराठी का? कुठनं आलाय?” सावंतवाडी म्हटल्यावर, “मंजी कोकणच की!” तो जत तालुक्यातला. घरी शेती, पाऊस नाही, म्हणून भरती. त्याने मला नीट समजावलं की इथे दोन गोष्टी सांभाळायच्या असतात: वाहन मधेच थांबू द्यायचं नाही आणि कुणाची वाट अडू द्यायची नाही. “पयलं वाटलं, ही कसली ड्युटी, ट्रॅफिक हवालदाराची. पण ताई, ह्यो हात खाली पडला तर पलीकडच्या पोरांची शाळा बंद.” गोठवणाऱ्या धुक्यात रात्रभर उभं राहणाऱ्या माणसाने आपल्या कामाचा अर्थ इतका नेमका सांगावा, याचा मला अभिमान वाटला.

तीन बिघा हा शिल्लक राहिलेला एकच धागा. २०१५ पर्यंत इथल्या नकाशात अशी शेकड्याने बेटं होती, त्यांना छिटमहाल म्हणत. बांगलादेशात भारताचे १११ तुकडे, भारतात बांगलादेशचे ५१. कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार यांनी बुद्धिबळाच्या डावात गावं लावली, अशी दंतकथा आहे. खरं मूळ अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मोगल आणि कूचबिहार यांच्यात झालेल्या तहांत आहे: ज्याचे सरदार जिथे कबजा धरून बसले, ती गावं तशीच त्याची राहिली. १९४७ ला रॅडक्लिफने रेघ ओढली, १९४९ ला कूचबिहार भारतात आलं, आणि या जमीनदारी तुकड्यांची परराष्ट्रं झाली. दहला खागराबारी तर भारताचा तुकडा, तो बांगलादेशच्या तुकड्यात, तो भारताच्या तुकड्यात, आणि तो बांगलादेशात. जगात अशी दुसरी जागा नव्हती. होतं काय तिथे? तागाचं एक शेत.

संसदेने शंभरावी घटनादुरुस्ती केली आणि ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री दोन्ही देशांनी हे तुकडे एकमेकांना देऊन टाकले. आपल्या हद्दीतल्या बांगलादेशी छिटांतले १४,००० हून अधिक लोक राहत्या घरीच भारतीय झाले. पलीकडच्या भारतीय छिटांतून मात्र ९०० हून थोडेच जास्त लोक इकडे आले, बाकीच्यांनी जमीन न सोडता बांगलादेशचं नागरिकत्व घेतलं.

मेखलीगंजला जेवायला थांबलो त्या खानावळीतली बाई छिटात वाढलेली निघाली. भात वाढता वाढता बोलली. तिच्या छिटाला शाळा नव्हती, वीज नव्हती, मत नव्हतं. भारतीय शाळेत घालायचं तर भारतीय बाप हवा. म्हणून शेजारच्या भारतीय गावातल्या ओळखीच्या माणसाचं नाव तिच्या दाखल्यावर बाप म्हणून लागलं. “आमच्याकडे खूप जणांचं तसंच,” ती म्हणाली. २०१५ नंतर मतदार कार्ड मिळालं, पण शाळेच्या दाखल्यावर बाप एक आणि कार्डावर दुसरा, म्हणून आजही एखादा अर्ज अडतो. शाळेचे दाखले मी स्वतः भरते. बापाच्या नावाचा तो रकाना भरताना मी कधी दोन सेकंदही थांबले नव्हते. त्या बाईने तिसऱ्यांदा भात वाढला आणि पैसे कमी घेतले. मला बोलणं सुचेना.

परत येताना तीस्तेवरच्या जयी सेतूवरून हल्दीबारीला आलो. १९६५ च्या युद्धात तुटलेला हल्दीबारी–चिलाहाटी रेल्वेमार्ग २०२० मध्ये पुन्हा जोडला गेला, पुढे ढाक्याला प्रवासी गाडीही सुरू झाली, पण २०२४ च्या उलथापालथीपासून ती थांबली आहे. या सीमेचं हे असं आहे. ढाक्यात किंवा दिल्लीत वारं फिरलं की सगळ्यात आधी इथली फाटकं हलतात.

मंगळवार : दुआरमधून जयगाव

सिलीगुडी जंक्शनहून हासीमाऱ्याची गाडी घेतली. सेवक सोडल्यावर तीस्ता, मग चहाचे मळे, साल वृक्षांचं जंगल, पुन्हा कोरडी नदी. हत्तींच्या वाटांवर गाडी मुद्दाम सावकाश चालवतात. डोंगरपायथ्याचा हा सगळा प्रदेश म्हणजे दुआर, तो १८६५ पर्यंत भूतानचा होता. सिंचुलाच्या तहाने इंग्रजांनी तो घेतला आणि बदल्यात भूतानला वार्षिक रक्कम सुरू केली. पुढे इथे चहा लागला. म्हणजे भूतानचा डोंगर जिथे संपतो तिथेच आज भारत सुरू होतो, हा निसर्गाचा योगायोग नाही. सपाट, सुपीक तेवढी जमीन नेमकी काढून घेतलेली आहे.

जयगावला अंधार पडता पडता पोचलो. हॉर्न, धूळ, पानाच्या पिचकाऱ्या, कपड्यांची घाऊक दुकानं, मारवाडी, बिहारी, नेपाळी, बंगाली. गल्लीच्या शेवटी भिंत, आणि भिंतीवरून पलीकडे शांत दिव्यांची उतरंड. ते फुन्शोलिंग.

बुधवार : फुन्शोलिंग (भूतान)

भूतान गेट पाहायला लहान मुलासारखी उत्सुकता होती. दोन बाजूंच्या खांबांवर रंगीत ड्रॅगन, वर तिहेरी कोरीव छप्पर. पूर्वी त्यातून चालत जाता येई. आता पायी जाणाऱ्यांसाठी वेगळं टर्मिनल आहे. रांग, सामानाची तपासणी, ओळखपत्र, नोंद. पासपोर्ट किंवा मतदार कार्ड चालतं, आधार चालत नाही. आमच्या पुढचं एक कुटुंब त्यावरूनच परत फिरलं. इथेही व्हिसा नाही, पण इथली मोकळीक मोजून दिलेली आहे. गावात फिरून परत यायचं असेल तर प्रश्न नाही. पुढे पारो-थिंफूला जायचं तर परवाना आणि दर रात्रीला माणशी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क. इतर देशांच्या पर्यटकांना ते डॉलरमध्ये, कितीतरी पट जास्त.

घड्याळ अर्धा तास पुढे. भुतानी ङुल्ट्रम रुपयाच्या बरोबरीने चालतो, त्यामुळे पैशाचा प्रश्न नेपाळपेक्षाही सोपा. आणि पन्नास पावलांत जग बदललं. हॉर्न थांबले. आम्ही झेब्रा पट्ट्यांजवळ नुसत्या उभ्या होतो, तर दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या. झांगतोपेल्री मंदिराभोवती म्हाताऱ्या बायका प्रार्थनाचक्रं फिरवत होत्या, घो हा पुरुषांचा भुतानी पोशाख घातलेले कारकून कचेरीला निघाले होते. स्वच्छता केवळ सुबत्तेतून येते असं मला वाटत नाही, कारण सकाळी फुन्शोलिंगचे रस्ते झाडायला आणि इमारती बांधायला जयगावातूनच मजूर येतात. तीच माणसं, भिंतीच्या दोन्ही बाजूंना. नियम ठरवणारे आणि पाळून घेणारे वेगळे.

जयगावचं या गेटवर किती अवलंबून आहे ते २०२० ते २०२२ मध्ये कळलं, असं तिथला एक कापडवाला सांगत होता. कोविडमध्ये गेट बंद झालं ते २३ सप्टेंबर २०२२ पर्यंत, म्हणजे अडीच वर्षं. जयगावात स्वस्त भाड्याने राहणाऱ्या भुतानी कुटुंबांना परत बोलावून घेतलं. इकडे दुकानं ओस, तिकडे भाजी महाग. “रोज दिसणारं गिऱ्हाईक शंभर मीटरवर उभं, आणि मी त्याला शर्ट विकू शकत नव्हतो,” तो म्हणाला.

मला भूतानचं धोरण समजतं. आठ लाखांच्या आत लोकसंख्येचा देश आपल्यासारख्या शेजाऱ्यापुढे दार मोजूनच उघडणार. पण मेचीच्या पुलावरची ती माणसं डोक्यातून जात नव्हती. याच दाराने त्यांना बाहेर काढलं गेलं होतं. देशाचं वेगळेपण जपणं आणि आपल्याच माणसांना परकं ठरवणं यांतलं अंतर या सुंदर गेटकडे बघताना विसरू नये असं मला वाटतं.

दुपारी एमा दात्शी खाल्ली. मिरच्यांची भाजी आणि त्यात चीज. मालवणी तिखटावर वाढलेल्या बेबीताईच्याही डोळ्यांतून पाणी आलं.

गुरुवार : गंगटोक

दिवस प्रवासात गेला. ऑक्टोबर २०२३ च्या पुराने तीस्तेकाठचा रस्ता ठिकठिकाणी खाल्ला आहे, दुरुस्ती चालू. रंगपोला सिक्कीमची हद्द. गंगटोकला नोंदणीकृत एजंटाकडे फोटो आणि मतदार कार्ड देऊन नाथू लाचा परवाना काढला. तो फक्त भारतीयांनाच मिळतो.

शुक्रवार : नाथू ला (चीन)

पहाटे निघालो. छांगू तलावाला थंडी नाकात शिरायला लागली. वर ४,३१० मीटर उंचीवर, गाडीतून उतरून पायऱ्या चढताना दर दहा पावलांना श्वास घ्यायला थांबावं लागत होतं. कॅमेऱ्याला परवानगी नाही, आणि ते बरंच झालं. लोक नुसते बघत उभे होते.

बघण्यासारखं अंतर किती कमी आहे! काटेरी तार, तिच्या पलीकडे चीनची इमारत, एक चिनी पहारेकरी, जाड कोट, आमच्याच उंचीचा. हात लांब केला तर हस्तांदोलन होईल. पण त्याचं घड्याळ अडीच तास पुढे, कारण सगळ्या चीनमध्ये वेळ एकच. आमचे सकाळचे अकरा, त्याचे दीड. त्याच्याशी बोलायची मनाई. चार सीमांपैकी इथे माणसं एकमेकांच्या सर्वांत जवळ उभी आणि ये-जा सर्वांत कमी.

ही तार म्हणजे इथल्या लढाईचं कारण. सप्टेंबर १९६७ मध्ये भारतीय जवान ही तार घालत असताना चीनने गोळीबार केला आणि चार दिवस तोफा चालल्या. मेजर जनरल सगत सिंग यांनी खिंड सोडायला नकार दिला होता, ती राहिली. स्मारकाजवळ उभं राहून बेबीताईने हात जोडले.

त्याआधी शतकानुशतकं इथून लोकर, मीठ, रेशीम घेऊन खेचरांचे तांडे ल्हासा ते कलिंपोंग ये-जा करत. १९६२ च्या युद्धाने ते थांबलं. ६ जुलै २००६ ला खिंड व्यापारासाठी पुन्हा उघडली, ठराविक महिने, ठराविक दिवस, ठराविक यादीतल्या वस्तू. सिक्कीमच्या बाजूला शेराथांगला त्यासाठी बाजार बांधला. २०२० पासून तो व्यापार बंद पडला. खाली उतरताना शेराथांगची कुलूपबंद गोदामं दिसली. आमचा ड्रायव्हर लाचुंगकडचा. त्याचा काका तिथे ब्लँकेटं विकायचा. “पलीकडचे व्यापारी आमच्यासारखंच बोलतात,” तो म्हणाला. कैलास-मानसरोवरचे यात्रेकरू २०२५ पासून पुन्हा इथून जाऊ लागले आहेत. यात्रेकरू जाऊ शकतात तर लोकर आणि ब्लँकेटंही जावीत असं मला मनापासून वाटतं. सैन्य आपल्या जागी राहू दे. शेराथांगचा बाजार उघडल्याने खिंड कुणी हिरावून नेणार नाही.

शनिवार : परत

बागडोगऱ्याच्या वाटेवर हे लिहिते आहे. कुणाला जायचं असेल तर पासपोर्ट किंवा मतदार कार्ड मूळ प्रत जवळ ठेवा, चार पासपोर्ट फोटो ठेवा, नाथू लासाठी बुधवार ते रविवारच धरा आणि वर जाण्याआधी गंगटोकला एक रात्र काढा. काकडभिट्टा अर्ध्या दिवसात होतं, फुन्शोलिंगला पूर्ण दिवस द्या. भूतान आणि नाथू ला कुठलीही टूर कंपनी दाखवते. तीन बिघा कुणाच्याच यादीत नाही. सिलीगुडीहून गाडी ठरवून जाऊन येऊन एक दिवस लागतो, परवाना लागत नाही, तिकीट नाही. चार सीमांपैकी एकीपुरताच वेळ असेल तर तीन बिघ्याची सीमा पाहा, आणि शाळेत शिकवत असाल तर मुलांना घेऊन जा.